चिमणीचं पहिलं गाणं आणि ताईंचं तोंड

नवी गाणी शुक्रवारी येतात आणि ताईंच्या पार्लरमध्ये गर्दीही शुक्रवारीच होते. आता यातल्या निम्म्या बायकांच्या भुवयांत कोरायला काही उरलेलंही नसतं, पण येतात. कारण त्या दिवशी ताई मोबाइल स्पीकरला जोडतात, एकेक नवं गाणं लावतात आणि दातांत दोरा धरायच्या आधी त्याची अशी खरडपट्टी काढतात की गाणाऱ्याला जिथे असेल तिथे उचकी लागावी.

"हा म्हणतो, तुझ्यावाचून मरतो. अरे, मग मर ना बाबा! अजून दोन कडवी कशाला गातोस?"

पुढचं गाणं. "अगं बाई! हिने आवाजाला एवढं फाउंडेशन थापलंय, खाली बाई आहे की भिंत, काही कळेना!"

गाणं आवडलं तर मात्र ताई हातातलं काम टाकून नाचतात. मग खुर्चीतली बाई एक भुवई कोरलेली आणि एक झुडूप अशी बसून राहते, पण तिचीही तक्रार नसते. अधलंमधलं काही ताईंकडे मिळत नाही. आवडलेलं नसताना आवडलं म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. तोंडाने म्हणतीलही एखादवेळ, पण नाक असं काही वाकडं होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं.

आणि या शुक्रवारी चिमणीचं गाणं येणार होतं.

चिमणी म्हणजे ताईंची धाकटी जाऊ. शाळेच्या ऑफिसात काम करते. आवाज इतका बारीक की जेवताना मीठ मागितलं तर शेजारच्याने पुढच्याला सांगावं लागतं. लग्न होऊन आली तेव्हा तर ही मुलगी बोलते की नुसती श्वास घेते, असा घरात वाद झाला होता. गायची फक्त गच्चीत कपडे वाळत घालताना, तेही कुणी जिना चढत नाही ना, याची खात्री करून. अशा मुलीने मैत्रिणीला गाठून, गिटारवाला शोधून, चक्क एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. घरात कुणालाही ऐकवलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही!

दुपारी हा नवरा, म्हणजे ताईंचा दीर, पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला. पुरुषांना आत यायला बंदी, म्हणून पडद्याआडूनच बोलला.

"वहिनी, पाया पडतो. आज चांगलं म्हणा."

"चांगलं असेल तर म्हणेनच की."

"नसलं तरी म्हणा हो! ती काय म्हणाली माहितीये? ताईंना आवडलं तर दुसरं गाणं करेन. नाहीतर हेच पहिलं आणि हेच शेवटचं."

पोरीवर ताईंचा भारी जीव. पण गाणं वाईट निघालं तर? तोंडाला कुलूप लावता येईल, नाकाला कुठून लावणार?

अर्ध्या तासाने चिमणी आली. ऑफिसातून थेट, पर्स छातीशी घट्ट धरून. तोवर ताईंनी वाडग्यात माती कालवली होती. चिमणीच्या देखत त्यांनी चेहऱ्यावर जाड थर लिंपला. कपाळ, गाल, आणि नाकावर तर दुहेरी. हा पॅक वाळेपर्यंत हसायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर तडे जातात. ताईंना तेच हवं होतं. गाणं कसंही निघो, चेहरा म्हणजे नुसती भिंत!

"आजच लावायचा होता का?" चिमणी रडवेल्या आवाजात म्हणाली. पंख्याखाली माती सुकत आली, तशी ताईंनी खुणेनेच सांगितलं, लाव गाणं.

गाणं सुरू झालं. गिटार, टाळ्या आणि मग चिमणीचा आवाज. बारीकच, पण असा खट्याळ की ऐकणाऱ्याच्या गालावर आपोआप हसू यावं. एक सकाळ, एक घर आणि बाथरूमच्या बंद दाराबाहेर ताटकळलेलं सगळं कुटुंब. कुणाची शाळा चुकतेय, कुणाची बस. सगळे दार ठोठावतात आणि आतून उत्तर येतं, "आले, आले, दोनच मिनिटं!"

डोक्याला मेंदी थापून बसलेल्या निवृत्त मास्तरीणबाई खुर्चीतच किंचाळल्या, "अय्या, ताई! ह्या तर तुम्हीच!"

दुसरं कुणी असणं शक्यच नव्हतं. घरातल्या एकुलत्या एका बाथरूममधून रोज सकाळी हेच यायचं, आणि ताईंची ती दोन मिनिटं आजवर कधी संपली नव्हती. ताईंनी ओठ आवळले. खांदे हलायला लागले. "आले, आले" दुसऱ्यांदा आलं आणि कपाळावर एक रेघ उमटली. तिसऱ्यांदा गालाचा पोपडा सुटला, आणि मग ताई अशा फुटल्या की माती आरशावर उडाली. हसता हसता डोळ्यांतून पाणी, पाण्याचा चिखल, आणि त्या चिखलासकट त्या उठून नाचायला लागल्या. पडद्याबाहेर अजून थांबलेला दीर "काय झालं? काय झालं?" म्हणून ओरडत होता, त्याच्याकडे कुणी लक्षही दिलं नाही.

गाणं संपलं. चिमणी मात्र अजून पर्स धरूनच उभी होती.

"एक चूक आहे," ताई धापा टाकत म्हणाल्या.

चिमणीचा चेहरा खाडकन उतरला.

"मी 'आले' असं तुटक म्हणते होय गं? मी ओढते. आऽऽऽले! रोज दाराबाहेर उभी असतेस आणि एवढंही टिपता आलं नाही?"

चिमणीने पर्स खुर्चीत फेकली, चिखलाची पर्वा न करता ताईंच्या गळ्यात पडली आणि पडद्याबाहेरच्या नवऱ्यालाही ऐकू जाईल अशी ओरडली, "पुढच्या गाण्यात ओढते!"