बोर्लीच्या मैदानातलं चार वाजताचं गाणं

तुळशी मांडवकर ते खोटं पहिल्यांदा बोलली ती डबा खाताना. आणि तसं पाहिलं तर ते धड खोटंही नव्हतं.

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात ती गेट ऑफिसला होती. खिडकीच्या पलीकडे ट्रेलरची रांग, अलीकडे ती. कंटेनरचा नंबर बघायचा, सील बघायचं, पावती छापायची आणि "आगे लो भैया" म्हणायचं. दिवसभरात अशी शंभरेक माणसं तिच्याशी बोलत, पण एकालाही तिचं नाव ठाऊक नव्हतं. संध्याकाळी उरणच्या भाड्याच्या खोलीत गेली की तेवढंही बोलणं थांबे. रविवारी तर दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हटलं की दिवसाचं बोलणं संपलं.

तर एका दुपारी शिवानी नावाच्या नव्या सहकारी मुलीने डबा उघडता उघडता मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं. तुळशीचा घास हातातच राहिला.

"गलबत ना हे?"

"तुम्हाला माहितीये गलबत?" शिवानीने डोळे मोठे केले. "माझे काका वेडे होते त्या बँडचे. बोर्लीचा एक प्रोग्राम झालेला म्हणे. वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बत्तीवर गायले!"

"मी होते की तिथे," तुळशी म्हणाली.

होती. पण वीज गेली तेव्हा नव्हती.

ती गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. तुळशी तेव्हा वीस वर्षांची होती. घर तळा तालुक्यातल्या एका वाडीत, पण कॉम्प्युटरचा क्लास करायला ती बोर्ली पंचतनजवळच्या डोंगरातल्या गावी आत्याकडे राहिली होती. आत्या, आवडाबाई, मायेची पण करडी. गलबत म्हणजे याच किनाऱ्यावरची पाच पोरं. मुंबईला शिकायला गेली, तिथे गिटार आणि ढोलकी एकत्र वाजवायला लागली आणि बघता बघता त्यांची सीडी बोर्लीच्या बाजारात कांद्याबटाट्याच्या शेजारी विकायला आली. क्लासमधला कॉम्प्युटर बंद पडला की सर तीच सीडी लावायचे. तुळशीला सगळी गाणी पाठ. अशात शाळेच्या मैदानावर त्यांचा कार्यक्रम ठरला. संध्याकाळी साडेसातला.

"आत्ये, मी जाऊ?"

"जा की. पन सवासहाची गाडी शेवटची हाय. त्या गाडीनं परत यायचं. न्हायतर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

साडेसातचा कार्यक्रम आणि सव्वासहाची गाडी. तुळशीने वाद घातला नाही. ती दुपारी तीनलाच मैदानावर जाऊन बसली. मंडपवाले बांबू बांधत होते, कुठलीशी म्हैस स्टेजच्या सावलीत रवंथ करत होती. चारच्या सुमारास ती पोरं आली आणि माइक तपासायला लागली. गाणारा अजेय खांद्यावर पंचा टाकून उभा होता, नुकताच समुद्रावरून आल्यासारखा. ड्रमवर बसलेल्या स्वराजला म्हणाला, "ते नवं घेऊन बघू." आणि गायला लागला.

तर गेली पल्याड, हाक ऱ्हायली अल्याड,
पाणी मधलं बाई, कुनाच्या नावाचं?

तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. सीडीवर हे गाणं नव्हतं. मैदानात ऐकायला मंडपवाले, म्हैस आणि तुळशी. दोन कडवी झाली, मग वायरमन ओरडला, "साहेब, थांबा, करकर येतेय," आणि गाणं तिथेच राहिलं. पुढचे दोन तास नुसतं हॅलो, हॅलो, चेक. सहाला लोक यायला लागले. बाया गजरे माळून, पोरं खांद्यावर घेऊन बापे. तुळशी त्या गर्दीतून उलटी वाट काढत स्टँडवर गेली आणि सव्वासहाच्या गाडीत खिडकीशी बसली.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी तोच कार्यक्रम. चौथ्या गाण्याला वीज गेली, कुणीतरी ट्रॅक्टर आणला, दिवे स्टेजवर सोडले, अजेय माइकशिवाय गायला आणि अख्खं मैदान त्याच्या मागे गायलं. तुळशी ऐकत राहिली. महिन्याभरात वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि ती तळ्याला परतली. भाऊ महादेव डोंबिवलीला नोकरीत अडकलेला, म्हणून वडिलांचं सगळं तिच्याकडे आलं. सात वर्षं वडिलांचं, मग पाच वर्षं आईचं. मधे दोन स्थळं येऊन गेली. "आत्ताच कसं?" म्हणता म्हणता ती स्थळं पुढे निघून गेली. आई गेल्यावर महादेवने ओळखीने यार्डात चिकटवून दिलं. आणि गलबतही तोवर फुटलं होतं. अजेय कॅनडाला, बाकीचे पोटापाण्याला.

डब्याच्या त्या दुपारनंतर शिवानीने काकांना सांगितलं, आणि काकांनी तुळशीला "गलबतवाले" या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घेतलं. बोर्लीत मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या हर्षदने तो काढलेला. एकशेसाठ माणसं. कुणी जुनं तिकीट टाके, कुणी सीडीचं कव्हर, आणि फिरून फिरून गाडी त्या संध्याकाळवर येई. रात्री भात शिजेपर्यंत तुळशी वाचत बसे. एकदा कुणी विचारलं, "मैदानात कोण कुठे उभं होतं?" सगळे लिहीत होते, म्हणून तिनेही लिहिलं, "डावीकडे, विहिरीपाशी."

पाचच मिनिटांत वेगळा मेसेज आला. तेजस्वी दिवेकर, पनवेल. "अगं, मीपण विहिरीपाशीच होते!"

तिथून मैत्री जमली. तेजस्वी बँकेत होती, नवरा दुबईला, मुलगा पुण्यात शिकायला. रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास तिचा फोन यायचा. दोन वर्षं एक रविवार चुकला नाही. बोलणं गलबतवरून सुरू व्हायचं आणि मग गुडघे, बँकेतला साहेब, सुरमईचा भाव, कशावरही जायचं. तुळशी शनिवारपासून मनात जुळवून ठेवायची, उद्या हे सांगायचं, ते सांगायचं. आणि एका रविवारी तेजस्वी म्हणाली, "मला आठवलं गं! हिरवा पंजाबी ड्रेस, लांब वेणी. माझ्या पुढ्यात उभी होतीस. वीज गेल्यावर माझा हात धरलास. तूच ना?"

तुळशीकडे हिरवा ड्रेस कधीच नव्हता. ती म्हणाली, "असेल बाई."

त्यानंतर हर्षदने मेळावा ठरवला. फेब्रुवारीतला रविवार, दुपारी तीन, बोर्लीतला एक हॉल. ड्रमवाला स्वराज येणार होता. प्रत्येकाने एक आठवण सांगायची. तेजस्वीने तर फर्मानच काढलं, "आपण दोघी मिळून सांगू. त्या हात धरण्याची."

पहाटे निघून पेण, माणगाव, म्हसळा अशा तीन गाड्या बदलून तुळशी पोचली. हॉलच्या दारात तेजस्वीने मिठी मारली. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होत्या, पण तेजस्वी म्हणाली, "अजिबात बदलली नाहीस!"

चाळीसेक माणसं होती. चहा, केळ्याचे वेफर, भिंतीला जुन्या सीडीचं मोठं चित्र. हर्षदने माइक फिरवायला सुरुवात केली. एक गृहस्थ म्हणाले, तो ट्रॅक्टर आमच्या बाबांचा, लाल. मागून कुणी ओरडलं, "लाल कुठला, निळा होता! आणि एक जीपपण होती." त्यावर दहा मिनिटं वाद झाला. एका बाईंची नवीकोरी चप्पल त्या गर्दीत हरवली होती. "अनवाणी घरी गेले, पण सासूला सांगितलं, देवळातून चोरीला गेली," त्या म्हणाल्या. हॉल हसला. तुळशीही हसली. हे सगळं तिला इतकं पाठ होतं की तिने ते पाहिलं नव्हतं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

मग तेजस्वीने तिचा हात धरून उभं केलं. माइकवर तिने सगळं रंगवून सांगितलं. अंधार, किंकाळ्या, अनोळखी मुलीने घट्ट धरलेला हात. "आणि ती मुलगी ही!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेला स्वराजही टाळ्या वाजवत होता. आता केस पांढरे, पोट सुटलेलं. "बोल ना," म्हणून तेजस्वीने माइक तिच्या हातात दिला.

तुळशीला "हो, तसंच झालं" एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तेजस्वीचा चेहरा इतका आनंदी होता की ते शब्द बाहेर येईनात.

"ती मी नव्हते," ती म्हणाली. "मी सव्वासहाच्या गाडीने घरी गेले होते. आत्याने तेवढीच परवानगी दिलेली. कार्यक्रम मी बघितलाच नाही."

कुणीतरी वेफर चावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"मी तीन वाजता आले होते. हे लोक माइक तपासत होते, तेव्हा एक गाणं म्हटलेलं. तर गेली पल्याड. तेवढंच ऐकलं मी. तेच आहे माझ्याकडे."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "असं गाणं नाहीये त्यांचं," कुणी हळूच म्हणालं. हर्षदने चटकन माइक घेतला. "असो, असो, ताई आज आल्या हे महत्त्वाचं," म्हणत त्याने तो पुढच्याकडे दिला आणि कार्यक्रम चालू झाला.

खुर्चीवर बसल्यावर तेजस्वीने विचारलं, अगदी हळू आवाजात, "मग माझा हात कुणी धरला?"

"मला नाही गं माहीत."

"दोन वर्षं मी तुझ्याशी..." तिने पर्स उचलली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. रागाने गेली असती तर तुळशीला बरं वाटलं असतं. ती गेली ती काही हरवल्यासारखी.

चहाच्या वेळी तुळशी निघायच्या बेतात होती, तेवढ्यात स्वराज समोर आला. "ते गाणं म्हणता का जरा?"

"इथे?"

"बाहेर चला."

हॉलमागच्या पडवीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. तुळशीने आयुष्यात कुणासमोर गाणं म्हटलं नव्हतं. तिने नजर जमिनीवर ठेवली आणि सुरू केलं. पहिली ओळ संपायच्या आत स्वराजची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली. अचूक, मधल्या त्या अडखळत्या ठेक्यासकट. तिने मान वर केली तर तो स्वतःच्याच बोटांकडे बघत होता.

"आईशपथ," तो म्हणाला. "मला शब्द एक आठवत नाही. पण हे आम्ही वाजवलंय. परत म्हणता? रेकॉर्ड करून अजेयला पाठवतो. उडेल तो."

तिने परत म्हटलं, दोन्ही कडवी. स्वराजने तिचा नंबर घेतला, दोनदा आभार मानले, मग त्याला फोटोसाठी आत बोलावलं. त्या फोटोत तुळशी नाही. ती तोवर स्टँडकडे चालू लागली होती.

सोमवारी ग्रुपवर फोटो आले, मग ट्रॅक्टरचा रंग परत निघाला. तिला कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. शिवानीला तिने स्वतःहून खरं सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, मग काय झालं त्यात?" आणि डब्यातलं लोणचं पुढे केलं.

आठवड्याने स्वराजचा मेसेज आला तेव्हा ती खिडकीवर होती. त्याने अजेयचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं होतं. कॅनडातून आलेला आवाज, जाडसर झालेला, पण तोच.

"मस्त चाल आहे रे. बाई छान गातात. कुणाचं आहे हे गाणं?"

खाली स्वराजने लिहिलं होतं, "वाईट वाटून घेऊ नका. त्याला खरंच आठवत नाहीये. मी पुष्कळ सांगितलं."

तुळशीने तो आवाज दोनदा ऐकला. बाहेर ट्रेलरवाल्याने हॉर्न दिला. तिने पावती छापून दिली, "आगे लो भैया" म्हटलं आणि मग लिहिलं, "त्यांचंच आहे म्हणावं." त्यावर निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

तेजस्वीचा फोन त्या रविवारी आला नाही, पुढच्याही नाही. पाच वाजले की तुळशीचं लक्ष मोबाइलकडे जायचं. चौथ्या रविवारी तिनेच लावला. पूर्ण रिंग वाजून बंद झाला. तिने मेसेज लिहायला घेतला, "मी विहिरीपाशी नव्हते, पण रविवारी पाचला मी खरीच होते," एवढं लिहिलं, बराच वेळ बघितलं आणि पाठवून दिलं.

मग उठून तिने तांदूळ निवडायला घेतले. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय, मोठ्यानेच. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती थांबली, कारण त्यापुढचं तिला येत नव्हतं, आणि आता ते कुणाला विचारावं असं कुणी उरलंही नव्हतं. तिने पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली आणि तांदूळ धुवायला नळाखाली धरले.