मोल्डरची आई

हे मी आजवर कुणाला, बायकोलाही, सांगितलेलं नाही. आमच्या फौंड्रीतल्या मोल्डरचा मला जितका हेवा वाटला, तितका जगात कुणाचाच वाटला नाही. त्याच्याइतका माणसांना धरून ठेवणारा माणूस शिरोलीपासून पन्हाळ्यापर्यंत झाला नसेल. सत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी तिथं हजेरी लिहायचो, तो वाळूचे साचे करायचा. कुणी निघालं, की हा हातची वाळू झटकत फाटकापर्यंत पोचवायला हजर. "उद्या येणार न्हवं? नक्की की?" एकदा सरकारी इन्स्पेक्टर तपासणीला आला. मालकांनी त्याला कसाबसा वाटेला लावला, तर हा जीपचं दार धरून उभा. "सायेब, पुन्यांदा कवा येताय सांगा, मगच सोडतो!" साहेबांनी पुढचा सोमवार सांगितला आणि आलेही. मालक आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

साचे भरून झाले, की लोखंड वितळेपर्यंत सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करायचे आणि तो आपल्या आईच्या गोष्टी सांगायचा. त्या आईनं त्याला पाठीला बांधून पंचगंगेचा पूर पार केला होता, उलथनं फेकून बिबट्या पळवला होता, छडी मारणाऱ्या मास्तरांनाच अंगठे धरायला लावले होते. दर खेपेला पूर हातभर वाढायचा. कुणाची हरकत नव्हती, माझी होती. कारण रविवारी तो आमच्या घरी यायचा, आणि जन्मात माझ्याशी धड दोन वाक्यं न बोललेले माझे वडील त्याच्या गोष्टींना डोळ्यांत पाणी येईतो हसायचे. एखादा रविवार चुकला, की विचारायचे, "आज कुणी आलं नाही?" मी समोरच बसलेला असायचो.

पुढे एका लग्नाला मी कोडोलीला, त्याच्या गावी, गेलो. पंगतीत शेजारच्या म्हाताऱ्याकडे मुद्दाम विषय काढला.

"त्येची आय?" म्हातारा म्हणाला. "चार वर्साचा आसताना 'उद्या येतो' म्हणून गेली, ती दुसरं घर करून बसली. पोरगं वर्सभर यष्टीच्या फाट्यावर बसायचं की."

ऐकून गलबलून यावं. मला आनंद झाला. दोनच दिवसांनी भट्टी पेटली. तो आईला पुरात उतरवतोय, तोच मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कुठली आई रे? तुला टाकून गेली, तीच का?"

कुणी हसलं नाही. तो खाली बघून वाळू चाळवत राहिला. "व्हय, तीच," म्हणाला. "दुसरी कुठनं आणू?" आणि उठून साच्यांकडे गेला.

त्यानंतर त्यानं गोष्ट सांगितली नाही, की कुणाला फाटकापर्यंत पोचवलं नाही. आमच्याकडचे रविवारही बंद झाले. वडील विचारायचे, मी "ओव्हरटाइम आहे" म्हणायचो. ते जाईपर्यंत हेच चाललं. मला वाटलं होतं, आता तरी ते माझ्याशी बोलतील. ते दाराकडं बघत बसायचे.

त्याला आम्ही थापाड्या म्हणायचो. पण माझे वडील उभा जन्म घरात होते आणि त्यांची एक गोष्ट मला सांगता येत नाही. त्याला आई चारच वर्षं मिळाली, तेवढ्यावर त्यानं सगळी फौंड्री हसवली. याचा हेवा मला अजून वाटतो.

आता तो कोडोलीलाच असतो. एसटीनं तासाभराची वाट आहे. मी त्याला चारचौघांत बोललो होतो. माफीही चारचौघांतच मागायला हवी. ती मी अजून मागितलेली नाही.