कोमलला शिकवलेला शॉट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आणि जिच्यापाशी मी सासरच्या सगळ्या भानगडी ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. मन हलकं करायचं म्हणून नक्कीच नाही. खरं सांगू का — इतकी वर्षं ते मला फारसं जड वाटलंच नव्हतं. हेच तर सांगायचं आहे, पण त्याच्याकडे सावकाश येते.

आधी मी कोण होते ते ऐका. मी शूटर होते. सांगलीच्या आमच्या क्लबच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात पहिल्या पाचजणींत मी कधीच नव्हते, माझी जागा बेंचवर. बुटकी, पळायला जड, आणि उडीचं तर विचारूच नका — मी उडाले तर माझ्या पायाखालून पोस्टकार्ड सरकलं असतं, तेही नशीब असलं तर. पण समोरचा संघ बास्केटखाली गर्दी करून बसला की सर मला उठवायचे. मी कोपऱ्यात जाऊन उभी राहायचे, बॉल यायचा, मी मारायचे, आत जायचा. मग पुन्हा बेंच. असल्या खेळाडूच्या गळ्यात कुणी हार घालत नाही. मला नकोच होता. तेवढी जागा माझी होती आणि मला ती पुरत होती.

ती मी कमावली होती हो. माझ्या वडिलांचं कुपवाडला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप. क्लबच्या मैदानावरचे लाकडी बोर्ड कुजले तेव्हा त्यांनीच लोखंडी पत्र्याचे बोर्ड वेल्डिंग करून दिले. पत्र्याचा बोर्ड कसा असतो माहीत आहे? मठ्ठ असतो. बॉल आदळला की धब्ब वाजतं आणि बॉलचा जीवच जातो. त्यामुळे बोर्डावर आपटून बास्केट करायचं तर अंगातला जोर काढून मारावं लागतं, आणि तेही बोर्डावर रंगवलेल्या चौकटीच्या वरच्या अंगाला. हे मला कुणी शिकवलं नाही. शाळेच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या बोर्डापुढे घातल्या, तेव्हा कळलं.

आणि मग कोमल आली.

जतच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या वाडीतली. घरी मेंढरं. नाव कोमल, आणि हातपाय बाभळीच्या दांडक्यासारखे. कॉलेजसाठी सांगलीत आली, हॉस्टेलला राहिली, आणि तिला पळताना बघून कुणीतरी आमच्या सरांकडे आणून सोडलं. ड्रिबल करायला गेली की बॉल तिच्याच पायाला लागून लांब पळायचा. आम्ही हसायचो — सगळ्यांत जास्त मी. पण शॉट चुकून बॉल रिंगवरून सुटला, की ती वर जायची. आणि ती जिथं पोचायची तिथं दुसरं कुणी नसायचंच. आम्हाला तिघींना मिळून न आवरणारी समोरच्या संघातली पोरगी ती एकटी आवरायची. दमायची नाही. वर हसायची.

एकदा सर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शॉट शिकवता येतोय गं पोरींनो. उडी कुठनं आणायची?" माझ्याकडे बघून नाही म्हणाले. बघायची गरजच काय होती? मला सांगा — घासून घासून मिळवलेली गोष्ट शिकवता येते म्हणून स्वस्त, आणि आईच्या पोटातून घेऊन आलेली महाग? हा कुठला न्याय? मी तेव्हा विचारलं नाही. आजही ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

मग साताऱ्याची फायनल. मोठा हॉल, लाकडी फरशी, काचेचे बोर्ड. सामना अगदी बरोबरीत चाललेला, शेवटचे क्षण, समोरच्या पोरी बास्केटखाली भिंत करून उभ्या. म्हणजे माझीच वेळ. मी ट्रॅकसूटची चेन उघडली, उठले. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खाली बस म्हणून खुणावलं. कोमल आतच राहिली. आमचा शॉट चुकला, तिनं चौघींच्या डोक्यावरून बॉल ओढून आणला, दुसरीला दिला, दुसरीनं बास्केट केली. जिंकलो. अख्ख्या सामन्यात कोमलनं एकही बास्केट केली नव्हती, आणि पोरींनी खांद्यावर घेतलं ते तिलाच. कुणीतरी माझ्या हातात मोबाईल कोंबला — "ताई, फोटो काढ की!" काढला. तो फोटो आजही क्लबच्या खोलीत आहे. त्यात मी नाही, कारण तो मी काढला आहे.

त्याच दिवशी ठरलं. काय करायचं ते नव्हे — काहीतरी करायचं एवढं. मी भांडले नाही, रुसले नाही, परतीच्या गाडीत सगळ्यांबरोबर गाणी म्हटली. वचपा काढायचा असेल तर तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

आणि बघा, पुढं मला काही करावंच लागलं नाही. तीच आली माझ्या दारात.

"ताई, मला बी तुमच्यावानी शॉट शिकवा की," म्हणाली. एका सरकारी खात्याच्या महिला संघात भरती होती. खेळाडू म्हणून घ्यायचे आणि कायमची नोकरी द्यायचे. ट्रायल साताऱ्यालाच, त्याच हॉलमध्ये. घरी तिचं लग्न जवळजवळ जमवून ठेवलेलं. "आबा म्हणत्यात, नोकरी लागली तर ऱ्हा तिकडं, खेळ. न्हाई लागली तर ह्या उन्हाळ्यात अक्षता. ताई, मला न्हाई ओ जायचं एवढ्यात." हे ती माझा हात धरून म्हणाली. म्हणजे तिचं काय पणाला लागलं होतं ते मला माहीत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

मी शिकवलं. मन लावून शिकवलं. रोज सकाळी, वडिलांच्या त्या पत्र्याच्या बोर्डासमोर. कोपर आत, मनगट सैल, आणि जोरात — अजून जोरात — चौकटीच्या वर. पोरगी हट्टी, हात सुजेपर्यंत मारायची. यायला लागलं तिला. सर म्हणाले, "तुझं मन लय मोठं हाय गं." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

काचेच्या बोर्डावर हाच शॉट मारला तर काय होतं, ते मला पक्कं माहीत होतं. काच जिवंत असते. आपल्या पत्र्याच्या सवयीनं मारलं की बॉल रिंगवरून उडून पार समोर जातो. मी पहिल्यांदा काचेवर खेळले तेव्हा हसं झालं होतं माझं, सवय करायला कितीतरी दिवस गेले होते. कोमल त्या हॉलमध्ये खेळली होती खरी, पण बोर्डावर मारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. सांगितलं का मी तिला? नाही.

एवढंच असतं तरी कदाचित मी म्हणाले असते, विसरले. पण एवढंच नाही.

ट्रायलच्या आधी मला नीलमचा फोन आला. नीलम आमच्याच क्लबची जुनी खेळाडू, त्या खात्याच्या संघात लागलेली. ती म्हणाली, "आमच्याकडं शूटर ढिगानं हायत. आमाला पळणारी, अंगावर जाऊन बॉल वढून आणणारी पोरगी पायजे. तुमच्यातली ती कोमल — तिला सांग, नुसती पळ आन् उड, शॉटच्या नादाला लागू नगंस. साहेबांच्या डोक्यात तसलीच पोरगी हाय."

मी म्हणाले, "सांगते."

मग दुसऱ्या दिवशी — आता मी हे पटकन सांगून टाकते, नाहीतर पुन्हा वळण घेईन — दुसऱ्या दिवशी मी कोमलला म्हणाले, की पळणाऱ्या आणि उडणाऱ्या पोरी तिथं पोत्यानं येतात. तू वेगळी दिसायला हवीस. चुकलेल्या बॉलच्या, रिबाउंडच्या मागे धावू नको, बाहेर उभी राहा आणि शॉट मार.

"म्हंजी उडी मारायचीच न्हाई?" तिनं विचारलं. तिलाही ते विचित्र वाटलं असणार. पण मी तिची ताई ना! मी मान हलवली. ती 'बरं' म्हणाली, आणि बॉल उचलून सरावाला लागली.

मी तिच्याबरोबर साताऱ्याला गेले. गरज होती का? नव्हती. पण मला बघायचं होतं. माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिला शॉट तिनं अगदी मी शिकवलं तसा मारला. काचेवरून बॉल जो उडाला तो मधल्या रेषेकडे गेला. दुसराही तसाच. तिसऱ्याला बाकीच्या पोरी हसल्या. बाहेर ती एकटी उभी, आणि बाजूच्या टेबलावरचे साहेब लोक चहा पीत बोलत बसलेले. मग एकदा तिला राहवलं नाही. कुणाचा तरी शॉट चुकला, बॉल वर उडाला, आणि ही लांबून धावत आली आणि गेली वर. हॉलभर 'ओ' असा आवाज झाला. एका साहेबानं कप खाली ठेवला आणि शेजारच्याला काहीतरी विचारलं — तिचं नावच विचारत असणार. त्याच क्षणी कोमलनं माझ्याकडे पाहिलं. आनंदानं नव्हे. चूक झाली म्हणून, भेदरून.

मी हातानं खुणावलं. बाहेर जा. मार.

ती गेली बाहेर. नंतर शेवटपर्यंत आत आली नाही. त्या साहेबानं थोडा वेळ वाट पाहिली आणि कप पुन्हा उचलला.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारीच बसली. कराड जवळ आल्यावर म्हणाली, "तुमी एवढं जीव तोडून शिकिवलं, ताई. मीच मातीत घातलं. तुमाला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई मी." आणि रडली, माझ्या खांद्यावर. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि आत काय वाटत होतं सांगू? गोड वाटत होतं. त्या फायनलच्या दिवशी बस म्हणून खुणावलेला हात, तो फोटो, ते 'उडी कुठनं आणायची' — सगळ्याचं उट्टं निघालं होतं, आणि तेही कुणाला न कळता. कराडच्या स्टँडवर मी तिला चहा पाजला. मला भूक लागली होती, मी वडापावही खाल्ला.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी आहेर घेऊन गेले होते. पुढच्या मोसमात बेंचवरून उठून शॉट मारायची माझी जागा मला परत मिळाली. दोन-चार सामने खेळले, मग माझंही लग्न झालं आणि खेळ सुटला. एवढ्यासाठी केलं का? नाही. जागेसाठी केलं असतं तर त्याला स्वार्थ म्हणता आलं असतं. मला ती खाली आलेली बघायची होती.

परवा औंधला गेले होते, यमाईच्या दर्शनाला. डोंगरावरून उतरताना कुणीतरी "ताई!" म्हणून हाक मारली. कोमल. तिचं सासर तिकडंच, माणदेशात. अंग सुटलंय, कपाळावर उन्हाचे डाग. बरोबर नवरा आणि शाळेच्या वयाची पोरगी. पोरगी दोन-दोन पायऱ्या उडत वर चालली होती. नवरा हसत म्हणाला, "ह्याच व्हय त्या? आवं, अजून रोज सांगती ही, आमच्या ताईनी कसं शिकिवलं. मी चिडवतो, एवढं शिकून बी नापास!"

तीही हसली. मग नवरा पुढं गेल्यावर माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "एक खरं सांगा ताई. मी लय डोकं लावलं ह्याच्यावर. माझ्या अंगात ताकद हुती, पर कलाच न्हवती. व्हय ना? तुमच्यासारकं हातात असावं लागतं. कमीच पडले न्हवं मी?"

एवढी वर्षं ती हेच समजून जगली आहे. मला एक वाक्य पुरलं असतं. जवळ कुणी नव्हतं, घाई नव्हती, आणि आता तिच्याकडून मला काही घ्यायचंही राहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "थोडी कमी पडलीस."

तिनं मान हलवली. तिला ते आधीच पटलेलं होतं. मग तिनं पोरीला हाक मारून खाली बोलावलं आणि म्हणाली, "ताईंच्या पाया पड." पोरगी वाकली. तिच्यामागून कोमलही वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.