देवापुढे कोसळलेला तांडेल

"सही करा साहेब. माणूस तर्र आहे," हवालदाराने फॉर्म पुढे सरकवला.

दारूबंदीचे दिवस होते. मी मालवणजवळच्या दवाखान्यात नवा डॉक्टर. कोणी प्यायल्याचा संशय आला की पोलीस त्याला माझ्याकडे आणायचे, आणि माझ्या सर्टिफिकेटवर केस उभी राहायची. समोर होता भिकाजी तांडेल, मच्छीमार होडीचा मुख्य. सकाळी देवळात हात जोडता जोडता आडवा झाला होता. केस झाली तर तुरुंग, आणि होडी हातची जाणार, हे त्यालाही माहीत होतं.

वास घेतला. दारूचा नव्हता. बोलणंही स्पष्ट. "डोळे मिटून सरळ उभा राहा," म्हटलं. डोळे मिटले मात्र, गडी धाडकन माझ्या अंगावर!

"बघा!" हवालदार खूश.

खोटं कशाला सांगू, मीही पेनचं टोपण काढलं होतं. पण डोळे उघडताच तो पुन्हा नीट उभा. प्यायलेला माणूस असा लगेच सावरत नाही. मी हवालदाराला बाहेर बसायला सांगितलं. तो कुरकुरला.

"दहा मिनिटं. सही माझी आहे," मी ठणकावलं. तो गेल्यावर विचारलं, "भिकाजी, तोंड धुतानाही पडतोस?"

"होय! तुमका कसा कळला?"

"इंजेक्शनं कसली घेतोस?"

त्याने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोणाक सांगू नकात. मुंबयत क्षय म्हणान सांगितल्यानी. दारुडो म्हणतत तर म्हणांदेत. पण ह्या कळला तर माझ्या होडयेर कोण येतलो?"

स्ट्रेप्टोमायसिन! क्षयावरचं औषध, रोज एक सुई. नारळी पौर्णिमेला होड्या सुटायच्या आत कोर्स संपवायचा म्हणून हा शहाणा गावच्या कंपाउंडरकडून दोन-दोन टोचून घेत होता. माझं डोकंच फिरलं.

"अरे, जीव नकोसा झाला होता काय?" मी ओरडलो.

तोल सांभाळतात तिघं : डोळे, पाय आणि कानाच्या आतला एक इवलासा अवयव. हे औषध जास्त झालं की कानातला तो अवयव निकामी होतो. मग डोळ्यांवर सगळी भिस्त. ते मिटले की माणूस कोसळतो.

मी सर्टिफिकेटवर लिहिलं : दारू नाही, कानाचा विकार. क्षयाचा उल्लेख टाळला.

"कान? लटपटतात पाय, आणि तुम्ही कान म्हणता?" हवालदार फणफणला.

"हो. कान."

सुया बंद, गोळ्या चालू. त्या पौर्णिमेला होडी भावाने नेली. थुंकी तपासणीत साफ आल्यावरच, दिवाळीनंतर, मी भिकाजीला समुद्रावर जाऊ दिलं. अट एकच, अंधार पडला की सुकाणू भावाकडे. तोल पुरता कधीच परत आला नाही.

पुढे एकदा देवळात दिसला. खांबाला एक हात, डोळे सताड उघडे.

"लोक इचारतत, देवाकडे असो टकामका कित्याक बघतंस," तो म्हणाला. "मी सांगतंय, डॉक्टरांचो हुकूम आसा."

तेव्हापासून झोकांड्या खात आलेल्या माणसाचा वास मी नंतर घेतो. आधी विचारतो, सुई कसली घेतलीस?