कपाटाची मागची बाजू

फर्निचरच्या कारखान्यात तिला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, तेही तोंडावर. तिला ते प्रशस्तिपत्रक वाटे. नवं कपाट जोडून झाल्यावर समोरून कसं दिसेल, हे दाखवणारी चित्रं ती आयुष्यभर हातानं काढत आली होती. मग कॉम्प्युटर आला. त्यात कपाट नुसतं उभं करायचं, हवं तसं फिरवायचं, की रेषांचं चित्र आपोआप निघतं, असं साहेबांनी सांगितलं. ‘आपोआप’ म्हणताना त्यांचा चेहरा इतका फुलला की तिला आपलं टेबल हलताना दिसलं.

“शिकलात तर टेबल तुमचंच, बाई. नाहीतर गोदामात जागा आहे. तिथे उजेडही बरा आहे.”

“उजेड तुम्हीच ठेवा, साहेब,” म्हणून ती शिकायला बसली.

“या वयात?” घरी नवऱ्यानं विचारलं.

“तुम्ही या वयात घोरायला शिकलात, मी काही बोलले?”

साहेबांनी परीक्षा घेतली त्या दिवशी तिचं कपाट पडद्यावर ऐटीत उभं राहिलं. साहेबांनी हौसेनं ते फिरवलं, आणि घात झाला. मागे फळीच नव्हती! दारांनाही आतली बाजू नव्हती, मुठी आरपार दिसत होत्या. खणांना नुसतेच चेहरे, पोट नाही. कागदावर जे दिसत नाही ते काढायचं नाही, हा तिचा धर्म. तो तिनं इथेही पाळला होता.

“बाई, हे कपाट आहे की नाटकातला राजवाडा?”

“उद्या दाखवते.”

“पण गोदामात...”

“उद्या, साहेब.”

ती तडक खाली सुतारकामाच्या शेडमध्ये गेली. तिथलं एक तयार कपाट सुताराकडून तोंड भिंतीकडे, पाठ आपल्याकडे असं फिरवून घेतलं.

“मागे काय बघणार? मागे पाठच असते,” सुतार पुटपुटला.

“तीच बघायचीय. इतकी वर्षं काढलं, कधी पाहिलं नाही.”

खाचेत सरकणारी पातळ फळी, खणांचे तळ, आतले स्क्रू, सगळं तिनं पडद्यावर बसवलं. मग बटण दाबलं. कॉम्प्युटरनं झाकलेलं सगळं इमानेइतबारे गाळलं, आणि जे चित्र उरलं ते तिच्या जुन्या हातच्या चित्रासारखंच होतं.

“हे तर जुनंच!” साहेब म्हणाले.

“फिरवा की.”

साहेबांनी फिरवलं, उलटं केलं, खालून पाहिलं. दोष काही सापडेना, म्हणून घसा खाकरला.

“पुढच्या आठवड्यात पलंग आहे.”

“मग सुताराला सांगते,” ती उठत म्हणाली, “पलंग उलटा करून ठेव.”