विहिरीवरची ग्रामसभा

माझ्या तरुणपणी ग्रामसभा आमच्या घरी यायची. म्हणजे, सह्यांचं रजिस्टर यायचं. शिपाई दारात उभा, आणि मी पिठाच्या हातानं सही ठोकून मोकळी. वर कोणता ठराव लिहिलाय, कधी वाचला नाही. सातवी पास असल्याचा तोरा मात्र असा, की शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं पेन मागायची. अशी मी शहाणी.

त्या काळात गावात बोअर वाढले, ऊस वाढला. मुखेडकडच्या आमच्या गावातली पिण्याची विहीर होळीलाच तळ दाखवू लागली; घागर सोडली की खडकावर आपटायची. मग टँकर आले, भांडणं आली. पंचायतीवर कुणाचा भरोसा राहिला नाही. "ते काय करणार, टँकर आपल्या गल्लीत वळवणार," असं मीच सांगत फिरायची.

चार वर्षांपूर्वी एका घरची धाकटी सून सरपंच झाली. तिनं रजिस्टर फिरवणं बंद केलं आणि सभा विहिरीवर बोलावली, ती पण टँकरच्या वेळेला. घागरी घेऊन सगळं गाव आपोआप हजर. विषय एकच: विहिरीलगतच्या बोअरच्या मोटारी पाऊस पडेपर्यंत बंद. नाहीतर विहीर कायमची गेली.

"तुमच्या उसाची मोटार इथनं दिसून राहिली, सरपंचबाई," मी म्हणाले. लोक हसले. मला वाटलं, जिंकले.

"हाव काकू. तिच्यापासूनच सुरू करू."

कठड्यावर बसलेला तिचा सासरा म्हणाला, "उभा ऊस जाईल, पोरी."

"जाऊ द्या मामा. प्यायचं पाणी न्यायला आपणबी इथंच येतो की."

ती मोटारीकडं चालत गेली, पेटीतला फ्यूज काढून आणला आणि माझ्या हातावर ठेवला. "तुमचा लई भरोसा न्हाई ना आमच्यावर? मग तुम्हीच सांभाळा."

दुसरा फ्यूज आमच्याच शेतातला निघाला. माझा मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. मी तोही फ्यूज ओच्यात बांधला.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "आई, एक दिवस फ्यूज दे. ऊस पिवळा पडला."

"मी कोण देणारी? सभेत माग."

त्यानं खरंच मागितला, सगळ्यांसमोर उभा राहून. गावानं नाही म्हटलं. सरपंचबाईचा ऊस तोवर पार वाळला होता, तेव्हा कुणाला बोलायला जागाच नव्हती. तो खाली बसला. मग उठून त्यानं विहिरीत घागर सोडली. ती बुडाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.