घासलेल्या पत्र्या

लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेनासं झालं होतं. आमच्या धसईकडच्या गावात बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारा नालबंद महिन्यातून एकदा यायचा, तोही येईनासा झाला. आमच्या पांढऱ्या बैलाच्या पत्र्या घासून पार गुळगुळीत झाल्या होत्या.

त्यातच शहापूरच्या पलीकडून, माझ्या माहेरून, निरोप आला की आई तापाने पडली आहे. मी रडायलाच लागले.

"म्हशाची बैलांची जत्रा चार दिसांवर आलीय," नवरा म्हणाला. "तिथं नालबंद असंल, पत्र्या ठोकून घेतो, मंग जाऊ."

"चार दिसांत आई राहते का नाय, कोणाला ठावं? तुमची आई असती तर थांबला असतात?"

तो तसाच उठला आणि गाडी जुंपली.

मातीच्या वाटेने बैल बिनघोर चालले. मातीत खूर रुततो, पाय ठरतो. वाटेत मुक्काम करून सकाळी शहापूरजवळ आलो, तेव्हा डांबरी सडक लागली. मोटारींनी चकचकीत झालेली, वर दव पडलेलं. उतार आला तसा नवरा खाली उतरून बैलांना धरून चालू लागला. गाडी मागून रेटत होती. पांढऱ्याचा मागचा पाय सटकला. त्याने दुसरा रोवू पाहिला, तोही सटकला आणि दोन्ही पाय फाकून तो खाली बसला. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला.

"माती टाका रे, माती!" एक वाटसरू ओरडला. लोकांनी कडेची माती आणून पसरली. तिच्यावर दुसरा बैल नीट उभा राहिला. पांढरा उठला नाही.

नवरा त्याच्या तोंडापाशी बसला. म्हणाला, "तू हो पुढं. आई वाट बघत असंल."

मी चालत माहेरी पोचले, तर आई अंगणात तांदूळ पाखडत होती. ताप दोन दिवसांपूर्वीच उतरला होता.

संध्याकाळी नवरा एकटाच आला. आईने विचारलं, "गाडी कुठंय, जावईबापू?"

"बैल जरा लंगडत व्हता. शहापुरात ठेवलाय." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बैल गेला. त्या पावसाळ्यात शेजाऱ्यांचे बैल मोकळे होतील तेव्हाच आमची नांगरणी झाली. निम्मी खाचरं पडून राहिली. नवऱ्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. भांडणात तरी म्हणेल म्हणून मी कितीदा वाट पाहिली. म्हणाला असता, तर रडून मोकळी तरी झाले असते.